पट्टी शाबूत आहे

पंधरा वर्षांचं घरकर्ज आम्ही साडेसात वर्षांत फेडलं. आमच्या नात्यागोत्यात हे अजून सांगितलं जातं. लग्नकार्यात एखादी नवी सून हप्त्यांचं रडगाणं गायला लागली की कुणीतरी माझ्याकडे बोट करतं, "ह्यांना विचार, ह्यांनी कसं फेडलं ते." मग मी सांगते. सायकल, द्राक्षाच्या काड्या, विकत न घेतलेली भाजी, सगळं सांगते. बायका तोंडात बोट घालतात. मागच्या खोलीचं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकूनच ठेवली. आता साठी उलटली. आता कुणाला भ्यायचं? म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर मखमलाबादचं, माळ्याचं घर. मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि दसऱ्याच्या तोंडावर झेंडू. जुड्या बांधायच्या, पाटीत रचायच्या आणि गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात नेऊन विकायच्या, ह्यातच मी लहानाची मोठी झाले. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मूठभर माती हातात घेऊन सांगायचे की इथं काय येईल आणि काय नाही येणार. अशा घरातून मला दिलं ते सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करणाऱ्या माणसाला. भाड्याची खोली, आठ बिऱ्हाडांत एक नळ आणि घरमालकिणीची कटकट. मुलगी झाली, ती दुसरीत गेली, तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं, "बास झालं. मरायचं तरी आपल्या घरात मरू."

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे शेतांचे प्लॉट पडत होते. आमचा प्लॉट शेजारच्या प्लॉटपेक्षा बराच स्वस्त पडला. का स्वस्त, ते आम्ही विचारलं नाही. स्वस्तात मिळालेल्या वस्तूचं कारण विचारायची आमच्यात पद्धतच नाही. विकणाऱ्याचं मन बदलायच्या आत पिशवीत टाकायची आणि घराकडे चालू लागायचं.

नाना प्लॉट बघायला आले तेव्हा ऐन उन्हाळा होता. सगळा प्लॉट वाळून कोळ झालेला, आणि मागचा एक कोपरा तेवढा हिरवागार. नाना काठी टेकत तिथे गेले. हरळीत सात दगड पडले होते, शेंदूर उडालेले. नानांनी चप्पल काढली. मला म्हणाले, "आसरा हायेत ह्या. पाण्यावरच्या बाया. इथं इहीर होती, बुजवली लोकांनी." मग काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "बुजवलेली इहीर पाणी इसरत नाय, बाई. ह्या कोपऱ्यावर भिंत आणू नको. पाणी मुरू देऊ नको." मिस्टरांनी मान डोलावली. घर पुढच्या बाजूला बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. पैसे बँकेचे. सात दगड मी एका रांगेत मांडले, शेंदूर लावला आणि नवरात्रात दहीभाताची मूद ठेवायला लागले.

आता घाई का झाली ते सांगते. वर्ष-दीड वर्ष हप्ते सुरळीत गेले. मग एक दिवस मिस्टर कामावरून आले ते जेवलेच नाहीत. त्यांच्याबरोबर आयटीआयला असलेला एक दोस्त अंबडच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, ह्याचे हप्ते थकले, आणि त्याच्या दाराला बँकेची नोटीस चिकटवली. मिस्टर त्याला भेटायला गेले होते. नोटीस दाराला तशीच होती, म्हणाले, आणि त्याची बायको तिच्याकडे न बघता दार उघडत होती, लावत होती. हात धुऊन मिस्टर म्हणाले, "आमच्याकडेही चार मशिनी झाकून ठेवल्यात. कंपनी बंद पडायच्या आत हे घर आपलं झालं पाहिजे."

हे एक वाक्य पुढची सहा वर्षं आमच्या घरात राहिलं. आम्ही त्याच्याशेजारी जेवलो, त्याच्याशेजारी झोपलो.

मिस्टरांनी बसचा पास बंद केला आणि सायकल काढली. पावसात, थंडीत, रात्रपाळी असो की दिवसपाळी, सातपूरपर्यंत सायकल. चहा कंपनीतला, फुकटचा, घरी फक्त रविवारी. दिवाळीचा बोनस घराचा उंबरासुद्धा बघायचा नाही, परस्पर बँकेत जायचा. मी गॅसची टाकी अडीच महिने पुरवायचे. खरड छाटणी झाली की माहेरच्या बाजूच्या द्राक्षबागांत काड्यांचे ढीग पडतात, ते भाऊ टेम्पोत टाकून आणून द्यायचा. त्या काड्यांवर आंघोळीचं पाणी आणि भाकरी. नवीन साडी लग्नाला नाही, बारशाला नाही. शेजारीण मला तोंडावर कवडीचुंबक म्हणाली. म्हटलं, "म्हण बाई. कवड्या माझ्या आहेत."

तेवढ्याने भागेना, म्हणून पुढची खोली भाड्याने द्यायचं ठरलं. मग आम्ही तिघं मावायचं कुठे? तर मागे एक खोली काढायची. चार इंची विटांची, वर पत्रे. आणि मागे मोकळी जागा तेवढीच होती, तो कोपरा.

नानांचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. मिस्टरांनाही आठवलं. ते म्हणाले, "पाया थोडा खोल घेऊ." आणि मिस्त्रीने सांगितलं तेवढ्या खोल पायाचा खर्च ऐकून पाया थोडाच खोल घेतला. नाना त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले होते, बघायला कोण येणार होतं? दगड मी उचलून कंपाउंडच्या कडेला केळीखाली ठेवले. पुढची खोली भाडेकरूला दिली, आणि चौथीतली आमची पोर मागच्या खोलीत गेली. स्वतःची खोली मिळाली म्हणून नाचली ती. कॉट, टेबल म्हणून एक पत्र्याची पेटी, आणि खिडकीतून केळी दिसायची.

आता माझं शहाणपण ऐका. त्या खोलीच्या बाहेरची, भिंत आणि कंपाउंड ह्यांच्यामधली माती कशी होती म्हणून सांगू! भुसभुशीत, काळी, बोट घातलं तर आत जाईल. विहिरीत भरलेली माती ती. माळ्याच्या पोरीला अशी माती दिसली आणि तिने नुसतं बघत बसायचं? मी अळू लावला, दोडका, घेवडा, वांगी, पालक. आंघोळीचं पाणी, धुण्याचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळ्या मोऱ्यांची तोंडं मी एका पन्हळीने त्या कोपऱ्यात वळवली. थेंब वाया जाऊ दिला नाही. दोडक्याचा वेल पत्र्यावर चढला. पाच वर्षं आमच्या घरात भाजी विकत आली नाही, उलट शेजारच्या दोन घरांना मी विकली. पाणी जिथल्या तिथे जिरायचं, कधी तुंबलं म्हणून नाही. मला त्याचा केवढा अभिमान! जमीन इतकं पाणी पिते कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या नानांच्या कुठल्याही गड्याच्या डोक्यात आला असता.

पोर सहावीत असताना खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरपी भेग पडली. आधी केसाएवढी. मग तिच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी. मिस्टरांनी खोली बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हातारा, पान खाणारा, थोडं बोलणारा. त्याने कॅलेंडरचं जुनं पान मागितलं, त्याची चार बोटं रुंद पट्टी फाडली, माझ्याकडून गव्हाच्या पिठाची खळ करून घेतली आणि पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. वरून चुन्याचा हात मारला. म्हणाला, "पट्टी फाटली तर भिंत चालतेय. नाही फाटली तर झोपलीय. फाटली की मला बोलवा, उशीर करू नका."

मिस्त्री गेल्यावर मिस्टरांनी मला आणि पोरीला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, ही पट्टी फाटली की जास्तीचे पैसे भरणं बंद. बोनस भिंतीला. लागलं तर हप्तासुद्धा थांबवीन. पोर झोपते त्या खोलीत." माणूस सरळ. बोलला की बोलला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ झाली की ते मागच्या खोलीत जायचे, पट्टीवरून अंगठा फिरवायचे आणि तिथूनच ओरडायचे, "पट्टी शाबूत आहे!" मग चहा प्यायचे. तो त्यांचा महिन्यातला सगळ्यात सुखाचा चहा असायचा.

पहिल्यांदा पट्टी फाटलेली मी बघितली ती पोळ्याच्या आसपास. दुपारची वेळ, घरात कुणी नाही. केर काढताना वर बघितलं तर मधोमध उभी चीर. सुरीने कापल्यासारखी. केरसुणी हातात तशीच, मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आधी वाटलं, ह्यांना सांगावं. मग आठवलं, कंपनीत त्याच आठवड्यात बारा माणसांना घरी बसवलं होतं. बोनस दोन महिन्यांवर आला होता. तो भिंतीत गेला तर कर्ज दोन वर्षं लांबणार, आणि तोवर कंपनी राहिली नाही तर? दाराला चिकटवलेली ती नोटीस मी बघितलेली नव्हती, तरी मला ती रोज दिसायची. मी मनाला म्हटलं, पावसाची ओल आहे, कागद ओलीने फाटला असेल. कागदच तो!

गव्हाचं पीठ कालवलं, खळ केली. कॅलेंडरचं पान काढलं, तेच, मिस्त्रीने फाडलेलं. जुन्या पट्टीवर नवी पट्टी. वर चुना. पाच मिनिटांचं काम. रविवारी ह्यांनी अंगठा फिरवला आणि ओरडले, "पट्टी शाबूत आहे!" मी चहात साखर घालायची विसरले. त्यांना वाटलं, मी साखरसुद्धा वाचवतेय.

त्यानंतर चार वर्षांत मी किती वेळा पट्टी बदलली ते मोजलं नाही, असं म्हणणार होते. खोटं आहे ते. मोजलं. सात वेळा.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. खोलीचं दार अडकायला लागलं, मिस्टरांनी रंधा मारला, पुन्हा अडकलं. पोरीच्या हातून मणी सुटला की घरंगळत त्याच कोपऱ्यात जायचा. दुपारी शांतता असली की भिंतीच्या आत वाळू सरकल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. मी भाजीला पाणी सोडून येऊन बसले की जास्त ऐकू यायचं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. एकदा मी पोरीची कॉट ओढून दुसऱ्या भिंतीला लावली. म्हटलं, इथे उजेड बरा पडतो. चार दिवसांनी बघते तर कॉट पुन्हा भेगेखाली. "अगं, मी मुद्दाम हलवली होती ना?" तर म्हणाली, "मला इथंच झोप लागते." एवढंसं तोंड करून. मी जास्त ताणलं नाही, मिस्टरांना संशय येईल म्हणून. आता सांगताना लाज वाटते. माझी स्वतःची पोर त्या भिंतीखाली झोपत होती आणि मी हप्ते मोजत होते.

ह्याच काळात मी तिला मारलं. तिची गणिताची चौकटीची वही चाळत होते, तर मधली पानं गायब. शिवण सैल पडलेली. माझं डोकंच फिरलं. आम्ही इथे आगपेटीची काडी अर्धी चिरून वापरतोय आणि ही बया पानं फाडून होड्या करतेय! "पैसे काय झाडाला लागतात?" म्हणून दिली एक ठेवून. गालावर पाचही बोटं उठली. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या त्या बघण्याचाच जास्त राग आला.

पुढच्या पावसाळ्यात पट्टी एकदाही फाटली नाही. मी दर आठवड्याला जाऊन बघायचे, पट्टी आपली पांढरीशुभ्र. पाऊस तर नुसता कोसळत होता. मला वाटलं, आसरा पावल्या! आणि गंमत बघा, त्याच वर्षी मी दहीभाताची मूद बंद केली होती. विरजणाला दूध जातं, म्हणून. पावल्या तर फुकटात पावल्या, असं म्हणून मी खूशसुद्धा झाले.

पोर दहावीला गेली त्या दिवाळीच्या तोंडावर शेवटचा बोनस बँकेत गेला आणि कर्ज संपलं. मिस्टर घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी शर्टच्या आत ठेवून, सायकलवरून घरी आले. येताना पावशेर पेढे. सात वर्षांत पहिल्यांदा विकतचे पेढे. त्यांनी कागद देवापुढे ठेवले, आणि हा माणूस, जो आई गेली तेव्हा रडला नव्हता, तो देवघरापुढे बसून ढसाढसा रडला. मी पण रडले. मग डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलले, "अहो, आता त्या मिस्त्रीला बोलवा. भिंतीचं बघून घेऊ." ते म्हणाले, "पट्टी शाबूत आहे की." मी म्हटलं, "तरी बोलवा."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आत न जाता आधी बाहेरून कोपऱ्यात गेला. माझा अळू, माझा दोडका बघितला. पन्हळ बघितली. मग पहार मागितली आणि भिंतीलगत मातीत मारली. एका घावात पहार मुठीपर्यंत आत गेली. वर काढली तर ओली, टपटप पाणी गळतंय. त्याने तोंडातलं पान थुंकलं.

"किती वर्षं पाणी सोडताय इथं?"

मी सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही भाजीला पाणी नाही घातलं. विहिरीला घातलं. खाली सगळी माती बसलीय. भिंतीचा हा कोपरा अधांतरी आहे." मग मिस्टरांकडे वळून, "खोली रिकामी करा. आत्ता. चहा नंतर."

आम्ही कॉट काढली, पेटी काढली, दप्तर, पुस्तकं, गाद्या. पोर शाळेतून आली तीही लागली कामाला. सगळं बाहेर आल्यावर मिस्त्री एकटा आत गेला आणि थापीने पट्टी खरवडून काढली. बाहेर येऊन हातावर तोलत म्हणाला, "मी एक पट्टी लावली होती. ही एवढी जाड कशी झाली?"

मिस्टरांनी ती त्याच्या हातातून घेतली. त्यांना कळेना. धुण्याच्या दगडाशी पाण्याची बादली होती, तिच्यात त्यांनी तो गठ्ठा बुडवला. पिठाची खळ ती, पाण्यात सुटायला कितीसा वेळ लागणार! एकेक पापुद्रा वर आला. कॅलेंडरचा कागद. मी मान खाली घातली. म्हटलं, आता बोलायलाच हवं. तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरा पापुद्रा सुटला. त्याच्यावर चौकटी होत्या. निळ्या, बारीक. मग पुन्हा कॅलेंडर, मग चौकटी, चौकटी, चौकटी. एका चौकटीत पेन्सिलीने केलेला भागाकार होता, बाकी शून्य.

माझ्या सात होत्या. चौकटीच्या नऊ.

पोर केळीपाशी उभी होती. मिस्टर तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. म्हणाले, "म्हणजे घरात मी एकटाच येडा होतो का?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मीच ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा! "कार्टे, अक्कल आहे का तुला? भिंत अंगावर आली असती म्हणजे?"

ती म्हणाली, "पप्पांनी हप्ता थांबवला असता ना. मग कंपनी बंद पडली असती तर?" सहावीत होती तेव्हा ही पोर. सहावीत! आम्ही ताटावर बसून जे बोलायचो ते सगळं तिने गोळा करून ठेवलं होतं. पट्टी फाटलेली तिला आमच्या आधी दिसायची, कारण ती तिच्या डोक्यावरच होती. कॉट तिने परत सरकवली होती ती रात्री पट्टीवर हात ठेवता यावा म्हणून. फाटली तर उजाडायच्या आत समजावी, मम्मी केर काढायला यायच्या आत बदलावी. दप्तर आणि चपला दाराशी ठेवून झोपायची, म्हणाली. कडी लावायची नाही.

मग माझ्याकडे बघून, अगदी तसंच जसं वहीच्या दिवशी बघितलं होतं, तिने विचारलं, "पण मम्मी, माझं जाऊ दे. मला कळत नव्हतं. तुला तर कळत होतं ना?"

मी बादलीतले कागद एकेक करून पिळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मिस्त्रीची माणसं पत्रे उतरवत होती. दोन पत्रे उतरले आणि माणसं चहाला खाली आली. भिंत पडली नाही, बसली. कोपरा आधी खाली गेला, मग बाकीची भिंत त्याच्यावर आडवी झाली, आतल्या बाजूला. विटा जिथे पडल्या तिथे आदल्या दिवशीपर्यंत कॉट होती. धूळ खाली बसल्यावर कोपऱ्यात काळं तोंड दिसलं, आणि त्यात पाणी. केळ आत गेली, सातातले चार दगडही गेले. माणसांच्या हातातले चहाचे कप तसेच राहिले. मिस्टर पोरीचा दंड धरून उभे होते, आणि तो त्यांनी दुपारपर्यंत सोडला नाही.

पाच महिन्यांनी कंपनीला टाळं लागलं. म्हणजे मिस्टरांचं खरंच होतं. घर वाचलं, दाराला नोटीस लागली नाही. लोक म्हणतात, बघा, दूरदृष्टी म्हणतात ती ही. मी हो म्हणते. मिस्टरांनी पुढे एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम धरलं, विहिरीवर काँक्रीटचा स्लॅब घातला, आणि ती जागा मोकळीच ठेवली. तिथे आता काही लावत नाही. भाजी मी बाजारातून आणते, भाव न करता. पहिल्या रविवारी आंघोळ करून ते गप्प चहा प्यायचे. "शाबूत" हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही, दोन वर्षांपूर्वी गेले तोवर नाही. आसरांना मी दोष देत नाही. राहिलेल्या तीन दगडांना दहीभात ठेवते. पाणी मी घातलं होतं.

पोर आता पुण्याला असते. चांगली नोकरी, फ्लॅट, वीस वर्षांचं कर्ज. मी एकदा म्हटलं, थोडं थोडं जास्तीचं भरत जा गं. हसली नुसती. सुट्टीत येते. दुपारी जेवणं झाली की पुढच्या खोलीत आडवी होते, पण त्याआधी, अजून, भिंतीवरून तळहात फिरवते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चपला दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

मागच्या मे महिन्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, किती बघशील? ही भिंत पक्की आहे. मी सांगते ना."

ती हात न थांबवता म्हणाली, "तू सांगतेस म्हणूनच बघते."